एका लिपीचा वनवास

मराठीत ‘बर्बर’ हा शब्द आपण मोठ्या सहजतेने वापरतो. रानटी, असंस्कृत, क्रूर असा त्याचा अर्थ कोशात दिलेला असतो. आणि तो वापरताना आपण कोणा विशिष्ट समाजाचे नाव घेत आहोत अशी शंकाही मनास शिवत नाही. संस्कृतातील ‘बर्बर’ आणि ग्रीकांचा ‘बार्बारोस’ हे शब्द एकाच कुळीचे मानले जातात. ज्याची भाषा आपल्या कानांस नुसती ‘बरबर’ अशी ऐकू येते तो परका, आणि परका म्हणून रानटी, असा या शब्दाचा प्रवास आहे. परंतु उत्तर आफ्रिकेत एक प्राचीन लोकसमूह असा आहे की, जगाने हाच शब्द नाव म्हणून त्याच्या कपाळी कायमचा चिकटविला. ते लोक स्वतःस मात्र अमाझिघ म्हणवितात, अनेकवचनी इमाझिघेन. ‘स्वतंत्र मनुष्य’ असा त्याचा अर्थ ते सांगतात. ज्यांच्या बोलण्यास इतरांनी केवळ आवाज ठरविले, त्यांच्यापाशी दोन हजारांहून अधिक वर्षांची स्वतःची लिपी आहे. तिफिनाघ हे तिचे आजचे नाव. तिचा इतिहास हा राज्यारोहणाचा कमी आणि वनवासाचा अधिक आहे.

ईजिप्तमधील सिवाच्या मरुद्यानापासून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत, आणि भूमध्य समुद्रापासून नायजर व माली या देशांपर्यंत या भाषेची बेटे पसरलेली आहेत. मोरोक्कोच्या डोंगराळ मुलखात तशेल्हीत, तमाझिघ्त व तरिफीत, अल्जीरियात कबाइली व शाविया, सहारात तुआरेगांची भाषा, अशी तिची रूपे आहेत. ही सारी एकाच मुळाची. परंतु अंतर इतके वाढले आहे की, रीफच्या डोंगरातील शेतकऱ्यास सहारातील तुआरेगाचे बोलणे सहसा उमगत नाही.

या लिपीचा सर्वांत प्रसिद्ध प्राचीन ठेवा ट्युनिशियातील दुग्गा या गावी मिळाला. तेथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील एक उंच समाधिस्तंभ आहे. त्यावरील शिलालेखात कार्थेजची प्यूनिक लिपी आणि तद्देशीय लिबिक लिपी शेजारी शेजारी कोरलेल्या होत्या. १८४२ साली ट्युनिसमधील ब्रिटिश वकील थॉमस रीड याने हा लेख मिळविण्यासाठी तो स्तंभच पाडला आणि शिळा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रवाना केली. पुढे १९०८ ते १९१० या काळात फ्रेंच संशोधकांनी पडलेले दगड जुळवून स्तंभ पुन्हा उभा केला. लेख मात्र लंडनलाच राहिला. तथापि या द्विभाषिक लेखामुळेच लिबिक अक्षरांचे उच्चार ठरविण्याचा मार्ग मोकळा झाला.

दुग्गा येथेच १९०४ साली दुसरा एक द्विभाषिक लेख सापडला. प्रस्तुत लेखक सरकारी कचेरीत कारकुनी करणारा असल्यामुळे त्यास या दुसऱ्या लेखाचे अधिक अप्रूप वाटते. कारण तो जवळजवळ दफ्तरी कागदच आहे. राजा मिसिप्सा याच्या राज्याच्या दहाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी १३९-१३८ मध्ये, नगरवासीयांनी दिवंगत राजा मासिनिसा याच्या स्मरणार्थ देवालय बांधले, अशी त्यात नोंद आहे. आणि तीसोबत नगराच्या अधिकाऱ्यांची नावे व हुद्दे दिलेले आहेत. त्यांतील काही हुद्द्यांचा अर्थ अद्यापि लागलेला नाही. परंतु राजासाठी योजिलेली ‘ग-ल-द’ ही स्वरहीन अक्षरे वाचण्यास कोणा पंडिताची गरज नाही. राजास आजही मोरोक्कोच्या डोंगरात ‘अगेल्लिद’ असेच म्हणतात. एकवीसशे वर्षे उलटून गेली, तिथली राज्ये धुळीस मिळाली, आणि शब्द तेवढा जागच्या जागी राहिला!

दुर्दैव असे की, या लिपीचे दफ्तरातील वास्तव्य फार काळ टिकले नाही. खुद्द मासिनिसा आणि मिसिप्सा यांच्या नाण्यांवरही अक्षरे प्यूनिकच होती. घरात एक भाषा आणि दरबारात दुसरी, हा या समाजाचा क्रम तेव्हापासूनच पडून गेला. रोमन अमदानीत मादाउरा येथील अपुलेयस याने स्वतःस अर्धा नुमिदियन व अर्धा गेतुलियन म्हणवून घेतले, परंतु लिहिले ते लॅटिनमध्ये. इ. स. ३५४ मध्ये थगास्ते येथे जन्मलेल्या संत ऑगस्टीनने ख्रिस्ती धर्मविचारास आकार दिला, तोही लॅटिनमध्ये. पुढे अल्मोराविद व अल्मोहद या अमाझिघ घराण्यांनी मोरोक्कोपासून स्पेनपर्यंत साम्राज्ये उभारली. त्यांच्या दरबाराची लेखनभाषा अरबी होती. या लोकांचा सर्वांत मोठा इतिहास चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने लिहिला, तोही अरबीतच. दक्षिण मोरोक्कोतील सूस प्रांतात मात्र मुहम्मद औझालसारख्या अठराव्या शतकातील ग्रंथकाराने अरबी लिपीचा आश्रय करून आपल्या भाषेत धर्मपर काव्ये रचिली. भाषेने परकी वस्त्रे नेसून का होईना, ग्रंथात पाऊल ठेवले.

मग मूळ लिपी कोठे गेली? ती वाळवंटात गेली. सहारातील तुआरेगांनी तिची परंपरा सांभाळली. ना पाठशाळा, ना ग्रंथ, ना राजाश्रय! खडकांवर, कंकणांवर, शस्त्रांवर चार अक्षरे कोरावीत, आणि मुलांनी आईपाशी बसून वाळूवर बोटाने ती गिरवावीत, एवढाच तिचा संसार. तुआरेग समाजात पुरुष मुख झाकून घेतात, स्त्रिया घेत नाहीत. आणि हे अक्षरज्ञान विशेषेकरून स्त्रियांकडूनच पुढील पिढीस मिळत आले. कशीही दिशा धरून लिहावी, स्वर बहुधा गाळावेत, वाचणाऱ्याने अंदाज बांधावा. निरोप, नाव, प्रेमाचा शब्द यांपलीकडे तिचा विस्तार नव्हता. पंडितांनी टाकलेले जे दागिने होते, ते अशा रीतीने मातांनी पदरात बांधून ठेवले.

फ्रेंच अमदानीत या प्रश्नास विषारी वळण लागले. १६ मे १९३० रोजी मोरोक्कोत निघालेल्या फर्मानाने अमाझिघ टोळ्यांचा मुलूख शरियतच्या न्यायव्यवस्थेतून वेगळा काढून रूढीच्या कायद्याखाली ठेवला. हा फोडाझोडीचा डाव आहे, असे ओळखून राष्ट्रवादी पुढारी खवळून उठले, आणि ते योग्यच होते. परंतु याचा भुर्दंड बसला तो बिचाऱ्या भाषेला. १९५६ मध्ये मोरोक्को व १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर अमाझिघ भाषेचे नाव काढणे म्हणजे परकीयांनी मारलेली पाचर पुन्हा ठोकणे, असा संशय घेतला जाऊ लागला.

१९६६-६७ च्या सुमारास पॅरिसमध्ये काही कबाइली मंडळींनी बर्बर अकादमी स्थापून तुआरेगांची अक्षरे उचलली आणि त्यांत स्वरांची भर घालून ती नव्याने प्रचारात आणली. १० मार्च १९८० रोजी लेखक मुलूद माम्मेरी यांचे प्राचीन कबाइली काव्यावरील व्याख्यान तिझी-उझूच्या विद्यापीठात व्हावयाचे होते. सरकारने त्यावर बंदी घातली. जुन्या कवितांवरील एका व्याख्यानाने राज्य हादरेल असे कोणास वाटले असेल तर ते बंदीमुळेच खरे ठरले! निदर्शने झाली, अटका झाल्या, आणि त्या एप्रिलचे नाव ‘बर्बर वसंत’ असे पडले. मोरोक्कोत मे १९९४ मध्ये तिफिनाघ अक्षरांचे फलक घेऊन मिरवणुकीत चालणाऱ्या कार्यकर्त्यांना पकडण्यात आले आणि काहींना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी, फेब्रुवारी २००३ मध्ये, त्याच राज्याने तीच अक्षरे अमाझिघ भाषेची अधिकृत लिपी म्हणून स्वीकारली. अरबी लिपी घ्यावी की लॅटिन, यावर जोराचा वाद माजला होता. कोणाचीच नव्हे ती तिफिनाघ घेऊन तो मिटविण्यात आला. तिची ३३ अक्षरे ठरविण्यात आली आणि त्याच वर्षी शाळांतून ती मुलांपुढे आली. २०११ च्या राज्यघटनेने मोरोक्कोत, आणि २०१६ मधील घटनादुरुस्तीने अल्जीरियात, ही भाषा राजभाषा झाली. अल्जीरियात मात्र लिपीचा प्रश्न सुटलेला नाही. कबाइली लेखक बहुतांशी लॅटिन अक्षरेच वापरतात.

वनवास संपला, असे आता म्हणावे काय? मोरोक्कोच्या २००४ च्या शिरगणतीत ही भाषा बोलणारे सुमारे २८ टक्के होते; २०२४ च्या शिरगणतीत ते सुमारे २५ टक्के भरले. हे आकडे भाषेच्या कैवाऱ्यांस मान्य नाहीत. तरीही ज्या काळात लिपी वाळूवरून कचेरीच्या पाटीवर चढली, त्याच काळात गावे सोडून शहरांत गेलेल्या आईबापांच्या घरांतून बोली उतरणीस लागली, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही.

पाट्यांचे मोल आम्हा कारकुनांस ठाऊक आहे. आमच्याही कचेऱ्यांच्या दारांवर पाटी तीन भाषांत असते. आत टिपण कोणत्या भाषेत लिहिले जाते ते टिपण लिहिणारासच विचारावे. आणि महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या आपणा मराठी माणसांस तर हेही ठाऊक आहे की, शाळा व कचेरी यांनी हात झटकले तरी भाषा तग धरते. परंतु उंबऱ्याच्या आत ती थांबली की मग कोणतेही फर्मान उपयोगी पडत नाही. दुग्गाच्या शिळेवरील अधिकाऱ्यांचे हुद्दे राजशासनाने कोरले होते, आणि त्यांचा अर्थ हरपला. वाळूवरील अक्षरे वाऱ्याने रोज पुसली, आणि ती टिकली. कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा ती गिरवून घेणारी आई तेथे होती.