खडी फोडणाऱ्याचा चेहरा

युरोपीय चित्रकलेत व्यक्तिचित्र हा मुळात पैशाचा व्यवहार होता. राजे, सरदार, धर्मगुरू आणि धनिक व्यापारी चित्रकाराला काम सांगत, ठरल्या वेळी त्याच्यापुढे बसत आणि मोबदला देऊन आपली छबी दिवाणखान्यात लावत. आपले नाव मागे राहावे यासाठीच तो सारा खटाटोप असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वास्तववादी चित्रकारांनी, म्हणजे डोळ्यांना दिसणारे समकालीन जीवन न सजवता रंगवू पाहणाऱ्यांनी, मजुरांना व शेतकऱ्यांना समोर बसवले, तेव्हा हा व्यवहार उलटा झाला: बसणारा पैसे देण्याऐवजी घेऊ लागला, आणि पुरे झालेले चित्र त्याच्या घरी न जाता प्रदर्शनात व तिथून बहुधा एखाद्या श्रीमंताच्या भिंतीवर जाऊ लागले. कष्टकऱ्यांच्या चित्रांचा इतिहास सहसा करुणेचा किंवा क्रांतीचा म्हणून सांगितला जातो. या उलट्या व्यवहाराच्या बाजूने पाहिल्यास तो अधिक नेमका कळतो.

त्यापूर्वी कष्टकरी चित्रांत नव्हते असे नाही. सतराव्या शतकातील डच चित्रांत गुत्त्यात दंगा करणारे खेडूत आहेत, आणि त्याच शतकात फ्रान्समधील ले नँ बंधूंनी शेतकरी कुटुंबे गंभीरपणे रंगवली. परंतु फ्रेंच अकादमीने विषयांची उतरंड लावून दिली होती, आणि तिच्या शिखरावर इतिहासचित्र, म्हणजे धर्मग्रंथ, पुराणकथा किंवा इतिहास यांतील उदात्त प्रसंगाचे चित्र, होते. व्यक्तिचित्र त्याखाली आणि रोजच्या जीवनाची दृश्ये आणखी खाली येत. भव्य कॅनव्हास हा शिखरावरच्या विषयांचा मान होता. खेडुताची बोळवण लहान चौकटीत होत असे.

ही चौकट मोडली ती ग्युस्ताव्ह कूर्बेने (१८१९–१८७७). पूर्व फ्रान्समधील ऑर्नां या आपल्या गावाजवळ, रस्त्याच्या कडेला खडी फोडणारे दोघे जण त्याला १८४९ मध्ये दिसले आणि त्याने त्यांना आपल्या चित्रशाळेत बोलावून घेतले. त्यातून तयार झालेले ‘खडी फोडणारे’ हे चित्र सुमारे अडीच मीटर रुंद होते, आणि पॅरिसच्या १८५०–५१ च्या सालोंमध्ये, म्हणजे सरकारी वार्षिक प्रदर्शनात, ते मांडले गेले. त्यात गवती हॅट घातलेला म्हातारा एक गुडघा टेकून हातोडा उगारतो आहे. लाकडी जोड्यांतून त्याच्या विरलेल्या मोज्याची टाच दिसते. त्याच्या मागे फाटक्या सदऱ्यातला पोरगा खडीची पाटी मांडीवर तोलून उचलतो आहे, आणि उजव्या कोपऱ्यात जेवणाचे भांडे ठेवले आहे. कपड्यांची ठिगळे, दगडांच्या कडा, भांड्याची कड हे सारे इतक्या बारकाईने रंगवणाऱ्या कूर्बेने चेहरे मात्र दाखवलेले नाहीत: म्हाताऱ्याचा हॅटच्या सावलीत गेला आहे, पोराने तर तोंडच फिरवले आहे. एकाची उमेद संपली आहे आणि दुसऱ्याची सुरूही झालेली नाही, एवढे सांगायला चेहरा लागत नाही, असा त्याचा हिशेब असावा. कष्टकऱ्याला इतिहासचित्राची लांबीरुंदी मिळाली, व्यक्तिचित्राचा मान नाही. मूळ चित्र पुढे जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संग्रहात गेले आणि १९४५ च्या बाँबहल्ल्यात नष्ट झाले. आज ते छायाचित्रांवरूनच पाहावे लागते.

झाँ-फ्रान्स्वा मिलेच्या ‘सरवा वेचणाऱ्या’ (१८५७) या चित्रातील तिघी बायांनाही ओळखता येईल असा चेहरा नाही. कापणीनंतर शेतात पडलेली कणसे वेचण्याची मुभा गोरगरिबांना असे; पाठीमागे धान्याच्या गंजी आणि घोड्यावरचा मुकादम, पुढे वाकलेल्या पाठी, एवढ्यावरच काही समीक्षकांना त्यात राज्यक्रांतीची चाहूल लागली. वास्तविक मिले राजकारणापासून दूरच राहणारा होता.

चेहरा आला तो रशियातून, आणि तोही वळसा घेऊन. इल्या रेपिनने १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्गजवळ नेव्हा नदीकाठी बुर्लाक, म्हणजे दोर छातीशी बांधून प्रवाहाविरुद्ध नावा ओढणारे मजूर, पाहिले, आणि एका बाजूला हे मजूर व दुसऱ्या बाजूला सहलीला आलेली नटवी मंडळी अशी रचना त्याने योजली. ही तुलना ठरवून आणल्यासारखी वाटते, असे त्याचा मित्र फ्योदर वसील्येव याने सुनावल्यावर त्याने ती सोडली आणि १८७० च्या उन्हाळ्यात मित्रांसह तो थेट व्होल्गाकाठी जाऊन राहिला. तेथील खेडुतांना हे चित्र काढणे भलतेच संशयास्पद वाटले. त्यांना त्यात सैतानाचा हात दिसला, असे रेपिनने आठवणींत लिहिले आहे. बुर्लाकांपैकी कानिन नावाचा माणूस त्याच्या मनात भरला. हा पूर्वी पाद्री होता आणि ते पद गमावून या कामाला लागला होता. त्याच्या डोळ्यांत रेपिनला तत्त्वज्ञ दिसला. १८७३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘व्होल्गावरील बुर्लाक’ या चित्रात डोक्याला फडके बांधलेला कानिन सर्वांत पुढे आहे, आणि मध्यभागी लार्का नावाचा तरणा पोरगा खांद्यावर रुतणारा पट्टा सारखा करत एकटाच ताठ उभा आहे. अकरा जणांपैकी कोणीही दुसऱ्यासारखा नाही, आणि चित्राचे खरे बळ त्यातच आहे. हे चित्र घेतले ते मात्र झारपुत्र व्लादिमीर अलेक्सांद्रोविच याने, आणि ते त्याच्या बिलियर्डच्या दालनात लागले.

चित्रात दूरवर एक आगबोट धूर सोडत जाताना दिसते. बुर्लाकांचा धंदा तिच्यामुळे बुडतच होता, आणि वास्तववाद्यांच्या आवडीवर ही एक टिप्पणीच म्हणता येईल. त्यांनी रंगवलेले बहुतेक कष्ट यंत्रापूर्वीचे होते. आडोल्फ मेंझेलचे ‘लोखंडाचा लाटण कारखाना’ (१८७२–७५) हा मोठा अपवाद, पण त्यातही भट्टीच्या उजेडापुढे माणसे लहान होतात.

मोबदल्याचा प्रश्न सर्वांत उघडपणे पुढे आला तो नेदरलँड्समधील न्यूनेन गावी. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने ‘बटाटे खाणारे’ (१८८५) रंगवण्यापूर्वी आणि त्या सुमारास शेतकरी व विणकरांचे अनेक चेहरे पैसे देऊन रंगवले; द ग्रोट कुटुंबाच्या झोपडीत तर तो वारंवार बसे. त्या घरातील अविवाहित मुलीला दिवस गेल्यावर बोट चित्रकाराकडे दाखवले गेले. त्याने ते नाकारले, परंतु कॅथलिक पाद्र्याने आपल्या लोकांना त्याच्यापुढे बसण्यास मनाई केली, आणि न बसणाऱ्यास पैसे देऊ केल्याचेही व्हॅन गॉगच्या पत्रात आहे. गरिबाच्या चेहऱ्यावर कोणाचा हक्क, हा वाद त्या गावात असा रोकडीत मांडला गेला.

नावाचे काय झाले, हे इव्हान क्राम्स्कॉयच्या दोन चित्रांवरून दिसते. त्याने १८८२ मध्ये एका वृद्ध शेतकऱ्याचे अभ्यासचित्र, म्हणजे मोठ्या चित्राची तयारी म्हणून केलेले चित्र, रंगवले: विस्कटलेली दाढी, निळा विटका सदरा आणि सारे पाहून झालेले मिश्कील डोळे. ‘मीना मोईसेयेव्ह’ या त्या शेतकऱ्याच्याच नावाने ते आज सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. पुढच्या वर्षी त्याच माणसावरून, खांद्यावर कोट आणि हातात लगाम देऊन, त्याने मोठे चित्र पुरे केले; कीव्हच्या संग्रहातील ते चित्र ‘लगाम घेतलेला शेतकरी’ म्हणून ओळखले जाते.