जपानी स्वयंपाक (मुंबईच्या उपनगरांतील घरगुती)

भात, मिसोचे (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे) सूप, मासा किंवा टोफू आणि एखादे लोणचे हे जपानी घरगुती जेवणाचे साधे रूप. ‘वाशोकु’ ही परंपरा २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आली. अंधेरी ते मुलुंड कुठल्याही घरात हे जेवण रांधता येते. मात्र भात आणि दाशी आधी साधायला हवेत.

जपानी तांदूळ आखूड व चिकट असतो. त्याऐवजी कोलम किंवा बासमती घेऊन उपयोग नाही. मावळचा इंद्रायणी बराच जवळचा, फक्त त्याला स्वतःचा सुवास असतो. तो धुऊन अर्धा तास भिजवावा आणि मंद आचेवर झाकण न काढता शिजवावा.

दाशी म्हणजे सूप, रस्सा, उकडलेल्या भाज्या या सगळ्यांच्या चवीचा पाया. एक लिटर पाण्यात सुमारे १० ग्रॅम कोंबू हे वाळवलेले समुद्रशेवाळ अर्धा तास भिजवतात, हळूहळू तापवतात आणि उकळी फुटण्याआधी काढून घेतात. याच कोंबूतून रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला ‘उमामी’ म्हटले. पुढे कोंबूच्या या पाण्यात कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन सुकवलेल्या कुप्याच्या जातीतील माशाचा कीस घालतात. जपानी घरांत सुक्या बारीक माशांचीही दाशी होते. त्या धर्तीवर सुकी मांदेली डोके व पोट काढून वापरता येते. सुक्या बोंबलाचा वास मात्र सगळ्यावर मात करतो. मिसो नेहमी आच बंद केल्यावर कालवावा, उकळल्यास त्याचा सुगंध जातो.

घाटकोपर, बोरिवलीच्या शाकाहारी घरांना बौद्ध मठांतील ‘शोजिन ऱ्योरी’ सोयीची. तीत मासा नसतो, कांदा-लसूणही नसतो. दाशी कोंबूची आणि सुक्या शिताके अळिंब्यांची असते. जैन घरांनी अळिंबी आणि मुळ्यासारखी कंदमुळे वगळावीत.

मासे खाणाऱ्यांसाठी मीठ लावून भाजलेला बांगडा हा सर्वांत सोपा पदार्थ. मीठ लावल्यावर अर्ध्या तासाने सुटलेले पाणी टिपून घ्यावे, तेल-मसाला लावू नये. सोबत किसलेला मुळा वाढावा. तेंपुराचे पीठ भज्यांसारखे घोटायचे नसते: मैदा बर्फाच्या पाण्यात जेमतेम कालवून गुठळ्या तशाच ठेवाव्यात.

सुशीच्या गरम भातात तांदळाचे व्हिनेगर, साखर व मीठ मिसळतात. बाजारातली मासळी शिजवून खाण्यासाठी विकली जाते, तिच्यात परजीवी असू शकतात. म्हणून घरच्या सुशीत उकडलेली कोळंबी, अंडे किंवा काकडीच घालावी.