आरागिरणी, कापडगिरणी आणि आडनाव

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका सॉ मिलमध्ये काम करणारा उत्तर प्रदेशातला एक तरुण भाड्याने खोली शोधत होता. दिवसभर आऱ्यावर ओंडके चढवायचे, फळ्या उचलायच्या आणि भुशाने माखलेले अंग घेऊन रात्री वखारीतच पत्र्याखाली झोपायचे. आता बायको-पोरांना आणायचे होते. मी त्याला एका वस्तीत घेऊन गेलो. घरमालकाने विचारले, "कुठला?" मग विचारले, "आडनाव काय?" पोरगा गप्प झाला. मालक म्हणाला, "भैया लोकांना आम्ही खोली देत नाही." मालकाच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. परतताना त्या तरुणाने मला मोबाईल दाखवला. त्याच्याही मोबाईलवर बाबासाहेबच होते. तो जाटव होता. आडनाव विचारले की पुढे काय होते, हे त्याला गावापासून ठाऊक होते, म्हणून तो गप्प राहिला होता.

मित्रांनो, खोली नाकारणारा आपलाच होता. म्हणून हा इतिहास लिहावा लागतो आहे.

आपल्या सातारा-सांगलीच्या महार-मांगांचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात स्थलांतराचा इतिहास आहे. गावात महार वतन होते. वतन म्हणजे तुटपुंजी जमीन, थोडे बलुते आणि त्या बदल्यात सरकारची आणि गावाची अहोरात्र चाकरी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, ते याच गुलामीविरुद्ध. गाव सोडून मुंबईची वाट धरणे म्हणजे केवळ पोट भरणे नव्हते, ते वतनाच्या दाव्यातून सुटणे होते.

खुद्द बाबासाहेबांचे घरही त्याच वाटेने गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. वडील रामजी नोकरीसाठी खटाव तालुक्यात गोरेगावला होते. १९०१ च्या उन्हाळ्यात मुले त्यांना भेटायला निघाली. रेल्वेने मसूरपर्यंत सुखरूप पोचली. तिकीट काढताना जात कोणी विचारली नाही. स्टेशनच्या बाहेर मात्र महाराच्या पोरांना गाडीत घ्यायला एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले. बैल पोरांनी हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. पुढे हे कुटुंब मुंबईला परळच्या कामगारवस्तीत, चाळीत राहायला गेले.

मग मुंबईच्या गिरणीत जात संपली का? तिथे तर वाफेचे यंत्र होते, भोंगा होता, पगार रोख होता. सगळे घामाने सारखेच भिजत होते.

नाही संपली. कापड गिरणीत जास्त पगार विणकाम खात्यात होता. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी बसवून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेले सूत आपल्या तोंडाला कसे लावायचे, म्हणून सवर्ण कामगारांनी अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ दिले नाही. त्यांच्या वाट्याला कमी पगाराचे कताईचे काम आले. म्हणजे विटाळ देवळातून निघून थेट पगारपत्रकात शिरला.

१९२८ च्या एप्रिलमध्ये गिरण्यांचा प्रचंड संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावले की अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मिळावा, ही मागणी यादीत घ्या. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती घेतली. मालकांपुढे विषय आल्यावर मालकांनी हात झटकले. हा अन्याय आमचा नव्हे, तुमच्याच कामगारांचा, असे त्यांचे म्हणणे. मालक धूर्त होते, पण ही गोष्ट खोटी नव्हती. जातिव्यवस्था कामाबरोबर कामगारांचीही वाटणी करते, हे बाबासाहेबांनी पुढे १९३६ मध्ये मांडले. त्या मांडणीचा पुरावा धोट्याच्या सुतात आधीपासून होता.

आता थोडे लांब जाऊ. त्याच काळात पंजाबी मजूर पॅसिफिक किनाऱ्यावरच्या आरागिरण्यांत राबत होते. ४ सप्टेंबर १९०७ रोजी अमेरिकेतल्या बेलिंगहॅम या लाकडाच्या गावात शेकडो गोऱ्यांच्या जमावाने भारतीय मजुरांना बिऱ्हाडातून ओढून काढले आणि गावाबाहेर हाकलले. हे परके कमी पगारात राबतात, आमचा रोजगार खातात, हा आरोप. ओळखीचा वाटतो ना? गोऱ्या कामगाराच्या लेखी सगळे भारतीय एकच होते. भारतीयांच्या लेखी मात्र सगळे भारतीय एक नव्हते. होशियारपूरचे मंगूराम मुगोवालिया चर्मकार समाजातले. १९०९ मध्ये ते अमेरिकेला गेले, कॅलिफोर्नियाच्या फळबागांत राबले, गदर चळवळीत उतरले. तिथे त्यांना बरोबरीची वागणूक मिळाली. १९२५ मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा अस्पृश्यता जिथल्या तिथे होती. १९२६ मध्ये त्यांनी आद धर्म चळवळ उभी केली आणि १९३१ च्या जनगणनेत पंजाबातल्या चार लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म आद धर्म असा नोंदवला.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, गाव सोडल्याने जात सुटत नाही, फार तर मालक बदलतो. दोन, जात ढिली होते ती संघटनेने. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ते कम्युनिस्टांसोबत संपात उतरले. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे लहानपणी वडिलांबरोबर पायी मुंबईला गेले, गिरणीत राबले, लाल बावट्याखाली गायले आणि १९५९ ची 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ज्यांना जात आणि वर्ग यांपैकी एकच निवडायचा आहे, त्यांनी ही अर्पणपत्रिका पाहावी.

आज आपल्या सॉ मिलमध्ये, वीटभट्टीवर, द्राक्षबागेत परप्रांतातून आलेला मजूर हा काल परळच्या चाळीत शिरलेला आपला आजोबा आहे. "आमचा रोजगार खातात" ही भाषा बेलिंगहॅमच्या जमावाची. "आडनाव काय?" हा प्रश्न मसूरच्या गाडीवानांचा. भीमसैनिकाच्या तोंडी दोन्ही शोभत नाहीत.

म्हणून कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे. आपल्या भागातल्या वखारींत एकदा जाऊन या. रेशनकार्ड, मुलांचा शाळाप्रवेश, हात कापला गेला तर भरपाई, यांत मजुराच्या बाजूने उभे राहा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत त्याला बोलवा, विहारात त्याच्या पोरांना बसवा. आणि घर असेल तर खोली द्या.

त्या तरुणाला पंधरा दिवसांनी दुसऱ्या वस्तीत खोली मिळाली. म्हातारीने एवढेच विचारले, "पोरं किती हाईत रं?"

जय भीम.