नरक्या आणि त्याची बुरशी

कर्करोगावरच्या औषधांचा इतिहास सांगताना आपल्याकडे बहुधा परदेशी नावेच घेतली जातात. मी ठाणेकर, आमच्या शेजारून गेलेला त्यातला एक धागा सांगतो.

१९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. वाणी मूळचे नंदुरबारचे. पेशी दुभंगताना डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराला हे द्रव्य जागीच अडकवते, आणि वेगाने वाढणारी पेशी मरते. त्यावरून बनलेल्या आयरिनोटेकान आणि टोपोटेकान या औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

येऊरच्या डोंगरापलीकडे, गोरेगावात, सीबा कंपनीचे संशोधन केंद्र होते. तिथे टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना १९७२ मध्ये हेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्यात सापडले, तेही भरपूर. हे वरदान झाडाच्या मुळावर आले. मागणी वाढली, तोड वाढली. नरक्याच्या तस्करीच्या बातम्या कोल्हापूर-सिंधुदुर्गातून येत राहिल्या.

मग २००५ मध्ये जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतून नवी वाट दिसली. डॉ. जी. एन. काझी आणि सहकाऱ्यांनी नरक्याच्या आत, झाडाला अपाय न करता राहणारी एक बुरशी शोधली. प्रयोगशाळेत वाढवल्यावर तीही कॅम्प्टोथेसिन बनवत होती. म्हणजे झाड न तोडता औषध!

पण वाट सरळ नव्हती. अशा बुरशा झाडाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की द्रव्य घटत जाते. चिनी झाडातल्या बुरशीवरील अभ्यासात तर असे दिसले, की द्रव्य घडवण्याच्या साखळीतले एक विकर तिच्याकडे नाहीच. ती झाडाचे वापरते. थोडक्यात, हे औषध एकट्या बुरशीचे नाही, दोघांच्या सोबतीचे आहे.

आपल्या सभांतून इब्न सीनाचे नाव अभिमानाने घेतात, घ्यावेच. पण काझींचे काम आपल्या डोळ्यांदेखतचे आहे, आणि त्यांनी उघडलेला प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. मुंब्रा, भिवंडी, कल्याणात विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तो हाती घ्यावा असे मला वाटते. अट एकच: तोपर्यंत सह्याद्रीत नरक्या उभा राहिला पाहिजे.