चाकांची अदलाबदल आणि बार्शीची छोटी गाडी

जुन्या मोटारसायकलींच्या शौकिनांत एक वाद कधींच मिटत नाहीं : एका जातीच्या गाडीचें चाक दुसर्‍या जातीच्या गाडीस बसवावें कीं नाहीं? 1955 पासून मद्रासेस तयार होऊं लागलेल्या बुलेटचें चाक 19 इंची. म्हैसूरच्या जावाचें 16 इंची. एक काढून दुसरें घालूं जातां प्रथम आंसाची जाडी आड येते. ती जमविली तर ब्रेकच्या ड्रमची रुंदी जमत नाहीं. तीहि जमली तरी मागचें दांतेरी चक्र पुढल्या चक्राच्या रेषेंत राहत नाहीं, आणि तिरकी धांवणारी चेन लवकरच झिजते. शिवाय मागचें चाक लहान झालें म्हणजे एंजिनाच्या तितक्याच फेर्‍यांत गाडी कमी वाट चालते. मिस्त्री हिकमती असेल तर लेथवर एखादें बुश कातून, कोठें वायसर घालून तो हें सारें निभावून नेतो. परंतु मग ती गाडी त्या एका मिस्त्रीच्याच हातची होऊन बसते. त्यानें कातलेला तुकडा मोडला तर त्याची जोडी कोणत्याहि दुकानांत मिळावयाची नाहीं.

ही अडचण मोटारसायकलीचीच आहे असें नव्हे. पंढरपूरच्या आगगाडीच्या इतिहासांत तीच अडचण दिसते. फरक इतकाच कीं तेथें ती गाडी बांधण्याच्या आधींच ओळखली गेली होती.

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर 1882 मध्यें ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरींत शिरला. बार्शी ही कापसाची व धान्याची मोठी पेठ. पण मोठी रेल्वे तिला सुमारें 21 मैलांवरून टाळून गेलेली. सारा माल बैलगाड्यांनीं कुर्डुवाडीस आणावा लागे. हें अंतर हलक्या रेल्वेनें जोडावें हा विचार त्यानें 1887 पासून धरून ठेवला. 1895 मध्यें लंडनांत बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि 1897 मध्यें अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून पहिली गाडी बार्शीस पोंचली. 1906 मध्यें हा मार्ग पंढरपुरास आला, 1911 मध्यें लातुरास व 1927 मध्यें मिरजेस भिडला. एकंदर लांबी 202 मैल झाली.

कॅलथ्रॉपनें आरंभ चाकापासून केला नाहीं, रुळापासून केला. गजामागें 30 पौंडांचा हलका रूळ घालावयाचा, तर त्यास किती भार सोसेल? त्यानें उत्तर ठरविलें : एका आंसावर पांच टन. मग हा नियम त्यानें एंजिनापासून वाघिणीपर्यंत सर्वांस सारखाच लावला. लीड्सच्या किटसन कंपनीनें बांधलेल्या पहिल्या एंजिनांना सहा आंस होते आणि वजन तीस टनांच्या आंतच. चार आंसांची वाघीण मालासकट वीस टनांपलीकडे जावयाची नाहीं. एवढें एकदां ठरल्यावर निरनिराळीं चाकें, निरनिराळे आंस, निरनिराळ्या स्प्रिंगा बनविण्याचें कारणच उरलें नाहीं. वाघिणींचे सांगाडे 25 फूट लांब व 7 फूट रुंद असे एकाच मापाचे. त्यावर बाजू उघड्या ठेवल्या काय आणि छप्पर घातलें काय, खालची चौकट तीच.

येथें लीड्स फोर्ज कारखान्याचें साह्य मोलाचें ठरलें. तेथें पोलादी पत्रा साच्यांत दाबून चौकटी काढीत. लोहारानें हातानें घडविलेले दोन तुकडे हुबेहूब सारखे सहसा निघत नाहींत, साच्यांतले निघतात. सुट्या भागांच्या अदलाबदलीचें सारें मर्म या सारखेपणांत आहे. शिवाय दाबलेली चौकट हलकी. म्हणून पांच टनांच्या मर्यादेंत लोखंड कमी आणि माल अधिक वाहतां येई.

परंतु या सोयीची किंमत कुर्डुवाडीस मोजावी लागे. आपल्या मार्गावर ज्या वाघिणीचें अंग न् अंग दुसरीस चालावयाचें, तिचें एक चाकहि शेजारच्या साडेपांच फुटी रुळावर चढत नसे. बार्शीची वाघीण रिकामी करून मुंबईची भरावयाची. प्रत्येक पोतें हमालाच्या पाठीवरून एका गाडींतून दुसरींत जावयाचें. आषाढी-कार्तिकीस येणारे यात्रेकरूहि गांठोडीं घेऊन तेथेंच गाडी बदलीत. माणूस निदान आपल्या पायांनीं उतरतो. पोत्याला हमाल लागतो. अरुंद रुळांच्या विरोधकांचा मुख्य आक्षेप हाच होता, आणि तो खोटा म्हणतां येत नाहीं.

कॅलथ्रॉपला तो कळत होता. इंग्लंडांतील स्टॅफर्डशायर परगण्यांत 1904 मध्यें सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या अडीच फुटी मार्गावर त्यानें निराळी युक्ति योजिली : मोठ्या रुळांवरची भरलेली वाघीण तशीच्या तशी एका बुटक्या गाड्यावर चढवून पुढें न्यावयाची. चाकें बदलण्याऐवजीं चाकांसकट गाडीच दुसर्‍या चाकांवर बसविली! तेथील एका एंजिनास त्याचेंच नांव होतें. तो मार्ग 1934 मध्यें बंद पडला. बार्शीची गाडी त्याहून दीर्घायुषी ठरली. 1 जानेवारी 1954 रोजीं सरकारनें ती कंपनीकडून विकत घेतली आणि पुढेंहि ती धांवतच राहिली.

एकविसाव्या शतकाच्या आरंभीं कुर्डुवाडी-पंढरपूर हा भाग रुंद करण्यांत आला, आणि त्यानंतर मिरजेपर्यंतचाहि. एकमेकांस सहज चालणारीं तीं चाकें, त्या चौकटी, ते आंस, सारे एकाच वेळीं निरुपयोगी झाले. कारण त्यांची सोयरीक केवळ आपसांत होती. आणि मुंबईहून निघालेलें पोतें कुर्डुवाडीस न उतरतां पंढरपुरास जाऊं लागलें.