रुपयामागें एक आणा : मुंबई इलाख्यांतील खेड्यांच्या शाळांचा कारभार

जुन्या घरांतील दप्तर चाळीत असतां साऱ्याच्या पावत्या ज्यांच्या हातीं लागल्या असतील, त्यांस साऱ्याच्या रकमेशेजारीं 'लोकल फंड' म्हणून एक लहानशी रक्कम निराळी मांडलेली आढळली असेल. मुंबई इलाख्यांतील शेतकरी ही रक्कम १८६३ सालापासून भरीत आला. साऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा असा तिचा दर होता. आणि त्या आण्याचे तीन भाग करून दोन भाग रस्ते वगैरे सार्वजनिक कामांकडे व एक भाग शिक्षणाकडे लावावा असा नियम होता. आण्याच्या पै बारा. तेव्हां शाळेच्या वांट्यास रुपयामागें चार पै आल्या. ज्याचा सारा वर्षास बारा रुपये, तो शाळेसाठीं वर्षास चार आणे देत होता. रक्कम क्षुल्लक दिसते खरी. परंतु आमच्या प्रांतांतील खेड्यांच्या शिक्षणाचा बहुतेक इतिहास या चार पैंच्या भोंवतीं फिरतो, असें आमचें मत आहे. पैसा कोणाचा, कारभार कोणाचा, आणि शेवटीं शिकलें कोण, हे प्रश्न आपण सहसा निरनिराळे विचारतों, आणि म्हणूनच त्यांचीं उत्तरें आपणांस सोयीचीं मिळतात.

कर बसण्यापूर्वीं खेड्यांत शाळा नव्हत्या असें नाहीं. पंतोजींच्या शाळा होत्या. त्यांत मोडी अक्षर, उजळणी व हिशेब शिकवीत, आणि पंतोजीचा निर्वाह पालकांच्या शिध्यावर व दक्षिणेवर चाले. सरकारी मराठी शाळा मात्र विरळा. १८४० सालीं स्थापन झालेल्या 'बोर्ड ऑफ एज्युकेशन'च्या अखेरच्या दिवसांत त्यावर एक तोड निघाली. ज्या गांवास शाळा हवी असेल त्यानें जागा द्यावी व मास्तरचा निम्मा पगार वर्गणीनें उभारावा. उरलेला निम्मा सरकार देईल. ही योजना कागदावर फार शोभली. परंतु वर्गणी ही वर्गणीच. ती आज जमली म्हणून उद्यां जमेल याची शाश्वती नव्हती, आणि एक साल पीक बुडालें कीं मास्तरचा अर्धा पगार त्याबरोबर बुडे.

तथापि या योजनेंतील खरी गोम निराळीच होती. १८५६ सालीं धारवाड येथें एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला. तो नाकारण्यांत आला, आणि प्रकरण हिंदुस्थान सरकारपर्यंत गेलें. त्यानंतर मुंबई सरकारनें जें धोरण जाहीर केलें तें नीट वाचण्यासारखें आहे. ज्या शाळांचा सर्व खर्च सरकार सोसतें त्या सर्व जातींच्या मुलांस मोकळ्या राहतील. परंतु जेथें खर्चांत गांवच्या वर्गणीदारांचा वांटा आहे आणि त्यांची हरकत आहे, तेथें सरकार अशा मुलांस घेण्याचा आग्रह धरणार नाहीं. म्हणजे जो पैसा देतो तो शाळेचा धनी, आणि दार कोणास उघडावयाचें हें धन्यानें ठरवावयाचें. हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. पण तो एकदां सरकारनेंच घालून दिला हें लक्षांत ठेविलें पाहिजे, कारण पांच वर्षांतच त्याची कसोटी लागली.

१८५९ सालच्या लॉर्ड स्टॅन्ले यांच्या खलित्यांत, प्राथमिक शाळांसाठीं जमिनीवर सक्तीचा स्थानिक कर बसवावा अशी सूचना होती. सर बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर असतांना १८६३ सालीं हा कर नुसत्या सरकारी हुकुमानें सुरू झाला, आणि १८६९ च्या कायद्यानें त्यास रीतसर आधार मिळाला. आतां पैसा वर्गणीदाराचा राहिला नाहीं. तो जमीन कसणाऱ्या प्रत्येक रयतेचा झाला, आणि तोहि तिच्या मर्जीनें नव्हे. सरकारनेंच घालून दिलेला न्याय चालवावयाचा तर आतां रयत शाळेची धनी व्हावयास हवी होती. झालें तें असें कीं, पैसा कलेक्टरच्या अध्यक्षतेखालील समितीकडे गेला, आणि मास्तरची नेमणूक, क्रमिक पुस्तकें, परीक्षा व तपासणी हीं सर्व शिक्षणखात्याकडे राहिलीं. समितींत जे बिनसरकारी सभासद बसत तेहि सरकारनें नेमलेलेच. त्यावर कळस असा कीं, शहरांतील व कसब्यांतील शाळाहि याच फंडांतून पोसल्या जात. तेथील व्यापारी, सावकार, वकील यांच्या नांवावर जमीन नसेल तर त्यांस लोकल फंडाची एक पैहि द्यावी लागत नसे. मुलगा मात्र त्यांचा शिके. शाळांची संख्या या कराच्या बळावर झपाट्यानें वाढली, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण कुणब्याच्या चार पैंतून कोणाचें घर शिकलें, हें विचारणारा माणूस निघावयास १८८२ साल उजाडावें लागलें.

त्या सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं जें निवेदन सादर केलें, त्याचा उल्लेख आतां भाषणांतून पुष्कळ होतो. तें मुळांत वाचणारे थोडे. भाषणांत येतो तो त्यांतील संताप. आम्हांस त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्यांतील कारभारी तपशील. सरकारचा महसूल बहुतांशीं रयतेच्या घामांतून येतो, आणि खर्च होतो तो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुख्य आक्षेप. बारा वर्षें वयापर्यंत शिक्षण सक्तीचें करावें ही मागणी. पण एवढें सांगून ते थांबत नाहींत. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षांतून एकदां येऊन जातो, त्याचा उपयोग काय? तपासणी निदान तिमाहीस व्हावी, आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देतां व्हावी. शिकविलेल्या मास्तरास बारा रुपयांहून कमी पगार नसावा. मोठ्या गांवीं तो पंधरा-वीस असावा. मास्तर शक्य तों शेतकरी वर्गांतून घ्यावे. त्यांस गांवच्या हिशेबांची तपासणी, दस्तांची नोंदणी, टपाल, स्टांपविक्री असलीं कामें जोडून द्यावीं, म्हणजे त्यांची प्राप्ति वाढेल व गांवांत वजनहि राहील. अभ्यासक्रमांत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, आणि शेतकीचें व आरोग्याचें प्राथमिक ज्ञान असावें. हें लिहिणाऱ्यानें स्वतः शाळा काढून चालविल्या होत्या, हें ओळीओळींतून दिसतें. कमिशनपुढें मोठमोठ्या विद्वानांच्या साक्षी झाल्या. पण खेड्यांतील मास्तरचा पगार व त्याची गांवांतील प्रतिष्ठा यांचा संबंध इतक्या नेमकेपणानें जोडलेला आम्हांस दुसरीकडे आढळला नाहीं.

कमिशननें प्राथमिक शिक्षणास अग्रहक्क द्यावा असें लिहिलें. सरकारी, म्युनिसिपल व लोकल फंडांच्या शाळांतून केवळ जातीमुळें कोणास नाकारूं नये हें तत्त्वहि मांडलें. मात्र तें जपून अमलांत आणावें अशी पुस्ती जोडली. जपून अमलांत आणावयाच्या तत्त्वांचें आपल्या देशांत काय होतें तें सांगावयास नको. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांस मोकळे असावेत असा ठराव सीताराम केशव बोले यांस मुंबईच्या कायदेकौन्सिलांत पुन्हां मांडावा लागला, तो १९२३ सालीं. म्हणजे धारवाडच्या त्या मुलाच्या अर्जानंतर सदुसष्ट वर्षांनीं.

१८८४ च्या कायद्यानें जिल्हा व तालुका लोकल बोर्डें आलीं आणि शाळा त्यांच्या नांवावर चढल्या. नांवावर म्हणण्याचें कारण, बोर्डाचा अध्यक्ष कलेक्टर आणि शाळेंत काय शिकवावयाचें तें सांगणारें शिक्षणखातें, ही मांडणी पूर्वींचीच राहिली. बडोद्यास सयाजीरावांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ सालीं तो सर्व राज्यांत लागू केला. तें पाहून गोखल्यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत आपलें बिल आणलें. त्यांत सक्ति करण्याचा अधिकार स्थानिक संस्थेस होता, आणि खर्चाचे दोन भाग सरकारनें व एक भाग स्थानिक संस्थेनें सोसावा अशी योजना होती. १९१२ च्या मार्चमध्यें तें तेरांविरुद्ध अडतीस मतांनीं पडलें. लोकांची तयारी नाहीं, हें विरोधकांचें मुख्य पालुपद होतें. लोकांची तयारी १८६३ सालीं कर बसवितांना कोणीं पाहिली होती, असा प्रश्न तेव्हां कोणी विचारला कीं नाहीं, न कळे. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेलांचा कायदा मुंबईंत झाला. पण तो म्युनिसिपालिट्यांपुरता. खेडीं त्यांतहि बाहेर.

खेड्यांकडे सत्ता खऱ्या अर्थानें गेली ती १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानें. शिक्षणखातें तेव्हां लोकनियुक्त मंत्र्यांच्या हातीं आलें होतें, आणि पहिले मंत्री रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे होते. जिल्हा लोकल बोर्डानें आपलें स्कूल बोर्ड निवडावें, त्यानें शाळा चालवाव्या, मास्तर नेमावे. आणि बोर्डानें सक्तीची योजना करून मंजूर करून घेतल्यास वाढीव खर्चाचे दोनतृतीयांश सरकारनें द्यावे. गोखल्यांचें प्रमाणच अखेर कायद्यांत आलें म्हणावयाचें. परंतु बोर्डाजवळ स्वतःचा म्हणून जो पैसा होता तो जमिनीवरचा तोच जुना फंड. उरलेला एकतृतीयांश त्यांतून काढावयाचा. मागास जिल्ह्यास शाळांची गरज अधिक, आणि कोरडवाहू जमिनीमुळें सारा कमी. म्हणून फंडहि कमी. ज्यास अधिक हवें त्याच्याच हातीं कमी, ही या व्यवस्थेंतील मूळची तेढ होती. पुढें १९३० च्या सुमारास मंदी आली आणि सरकारचा हातहि आखडला.

मुलें शिकत तरी किती होतीं? १९२७ सालीं मुंबईच्या कौन्सिलांत डॉ. आंबेडकरांनीं शिक्षणाच्या अंदाजपत्रकावर बोलतांना सांगितलें कीं, शाळेंत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकीं चौथीपर्यंत अठराच पोंचतात. बाकीचीं ब्याऐंशी पुन्हां निरक्षर होतात. दोन वर्षांनीं हार्टोग कमिटीनें सर्व ब्रिटिश हिंदुस्थानाविषयीं जवळजवळ हाच आंकडा दिला : १९२२-२३ सालीं पहिलींत असलेल्या शंभर मुलग्यांपैकीं १९२५-२६ सालीं चौथींत अठरा. हे आंकडे जिल्ह्याजिल्ह्यांतील शाळांचे खरे हिशेब होत. एकशिक्षकी शाळा, बिगरींत निरनिराळ्या वयांचीं मुलें दाटीवाटीनें बसलेलीं, सुगीस निम्मा वर्ग शेतांत. एका मास्तरानें चार इयत्ता एकाच वेळीं शिकवावयाच्या, म्हणजे पहिलीच्या वांट्यास बहुधा पाटी आणि दटावणी यांखेरीज कांहीं येत नसे.

कमिटीनें याचा पुष्कळसा दोष स्थानिक बोर्डांवर ठेविला. सत्ता घाईनें दिली गेली, तपासणी ढिली पडली, तेव्हां आधीं शाळा सुधारा, मग वाढवा, असा तिचा सूर होता. रा. वि. परुळेकर यांनीं हें मत खोडून काढलें. आधीं सर्वांस शाळा द्या, मग गुण पहा. गुणांच्या नांवाखालीं प्रसार थांबविणें हें गरिबांवर अन्याय करणें होय, असा त्यांचा रोख होता. आमचा कल परुळेकरांकडे आहे. बोर्डांत पक्ष माजले, निवडणुकीचे वचपे मास्तरांच्या बदल्यांतून काढले गेले, हें खोटें नाहीं. आणि बदल्यांचा हा रोग इतका चिवट निघाला कीं महाराष्ट्र सरकारला २०१७ सालीं तें काम संगणकाकडे सोंपवावें लागलें. पण तीं ब्याऐंशी मुलें बोर्डांनीं गाळलीं असें म्हणणें हा हिशेबाचा विपर्यास आहे. हार्टोगचे आंकडे १९२२ सालीं पहिलींत बसलेल्या मुलांचे. आमच्या प्रांतांत तर बोर्डांचा कायदाच १९२३ चा. साठ वर्षें खात्यानें चालविलेल्या शाळांची गळती खात्याच्याच नांवें मांडावयास हवी होती.

झालें उलटें. खेर मंत्रिमंडळानें १९३८ सालीं कायदा बदलून तपासणी परत सरकारकडे घेतली, आणि स्कूल बोर्डाचा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर सरकारी नोकर झाला. हें पाऊल आम्हांस सर्वस्वीं चुकीचें वाटत नाहीं. मास्तरांस त्यामुळें थोडी निर्भयता लाभली. त्याच सरकारनें लोकांच्या व्हॉलंटरी शाळांस उत्तेजन दिलें, आणि सातारा जिल्ह्यांत भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेनें, बोर्डाच्या पैशाची व सरकारच्या मंजुरीची वाट पाहणाऱ्या वाड्यावस्त्यांतून, अशा शेंकडों शाळा उघडल्या. पुढें त्या जिल्हा स्कूल बोर्डाकडे सोंपविण्यांत आल्या.

१९४७ च्या कायद्यानें स्कूल बोर्डांची नवी घडी बसविली. १ मे १९६२ रोजीं जिल्हापरिषदा आल्या आणि तीं बोर्डें मोडून शाळा परिषदेच्या शिक्षण समितीकडे गेल्या. लोकल फंडाचा वांटा पगाराच्या वाढत्या रकमेपुढें केव्हांच नगण्य झाला होता. मास्तरचा पगार राज्याच्या तिजोरींतून येऊं लागला, आणि ज्याचा पगार त्याचा हुकूम या न्यायानें नेमणुकीचे नियमहि मुंबईंत ठरूं लागले. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें अशा प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिती दिली. तिच्यांत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया. कर भरणाऱ्या कुणब्यास जें आसन १८६३ सालीं मिळालें नाहीं, तें त्याच्या पणतूच्या बायकोस मिळालें आहे. मास्तरची नेमणूक, बदली व पगार यांपैकीं कांहींहि या समितीच्या हातीं नाहीं. शाळेच्या कारभारावर देखरेख, विकासाचा आराखडा आणि मिळालेल्या अनुदानाच्या खर्चावर नजर, एवढें तिचें काम आहे.