वनस्पतिजन्य अन्नाच्या प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेचे मापन

वनस्पतिजन्य अन्नाच्या प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेचे मापन म्हणजे फळे, भाज्या, तृणधान्ये, मसाले, चहा इत्यादी पदार्थांचा अर्क मुक्त मूलकांना किंवा ऑक्सिडीकारक द्रव्यांना किती प्रमाणात निष्प्रभ करतो, हे प्रयोगशाळेत ठरविण्याची प्रक्रिया होय. क व ई जीवनसत्त्वे, कॅरोटिनॉइडे आणि पॉलिफेनॉले ही या पदार्थांतील प्रमुख प्रतिऑक्सिडीकारके अर्थात अँटिऑक्सिडंट द्रव्ये आहेत. या सर्वांची क्षमता मोजणारी एकच सर्वमान्य चाचणी नाही. वेगवेगळ्या चाचण्या वेगवेगळ्या रासायनिक अभिक्रियांवर आधारलेल्या असल्याने त्यांचे आकडे परस्परांशी थेट ताडून पाहता येत नाहीत.

नमुन्याची तयारी

नमुना सहसा गोठवून वाळवतात, त्याची पूड करतात आणि पाणीमिश्रित मिथेनॉल, एथेनॉल किंवा अ‍ॅसिटोन यांत अर्क काढतात. कॅरोटिनॉइडे व ई जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नसल्याने त्यांच्यासाठी वेगळा विद्रावक लागतो. तृणधान्यांच्या कोंड्यातील फेरुलिक आम्लासारखी संयुगे पेशीभित्तिकांशी बांधलेली असतात. अल्कलीची प्रक्रिया न केल्यास ती चोथ्यातच राहतात आणि धान्याची क्षमता प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

प्रमुख चाचण्या

डीपीपीएच चाचणी : डीपीपीएच हे स्थिर मुक्त मूलक असून त्याचा द्राव गडद जांभळा असतो. प्रतिऑक्सिडीकारकाशी अभिक्रिया होताच तो पिवळसर होतो. ही घट ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजतात. मार्सडेन ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये ही पद्धत मांडली. स्वस्त व सोपी असल्याने ती फार प्रचलित आहे.

एबीटीएस चाचणी : हिच्यात निळसर हिरव्या मूलकाचा रंग किती फिका होतो, हे ७३४ नॅनोमीटरवर पाहतात.

फ्रॅप चाचणी : आयरिस बेंझी व जे. जे. स्ट्रेन यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या या चाचणीत फेरिक लोहाचे फेरस लोहात क्षपण होऊन निळा रंग येतो. तो ५९३ नॅनोमीटरवर मोजतात. येथे मुक्त मूलकांचा संबंध नसून केवळ क्षपणशक्ती मोजली जाते.

ओरॅक चाचणी : एएपीएच या संयुगापासून ३७ अंश सेल्सिअसला निर्माण होणारी पेरॉक्सिल मूलके फ्लुओरेसीन या रंजकद्रव्याची चमक नष्ट करतात. अर्कामुळे हा ऱ्हास किती लांबतो, ते आलेखाखालील क्षेत्रफळावरून काढतात. परिणाम ट्रोलॉक्स या ई जीवनसत्त्वसदृश संयुगाच्या तुलनेत मायक्रोमोलमध्ये सांगतात.

मापनातील अडथळे

पदार्थाचा स्वतःचा रंग मापनात अडथळा आणू शकतो. कोकम व जांभूळ यांतील अँथोसायनिने डीपीपीएचच्या तरंगलांबीजवळच प्रकाश शोषतात. त्यामुळे अर्काचे स्वतंत्र वाचन घेऊन ते वजा करावे लागते. एकूण फिनॉले मोजणाऱ्या फोलिन-सिओकाल्टो चाचणीत क जीवनसत्त्वही अभिक्रिया करते. म्हणून ते मुबलक असलेल्या फळांत फिनॉलांचे प्रमाण वाजवीपेक्षा जास्त दिसू शकते.

ओरॅक सूची आणि तिची माघार

अमेरिकेच्या कृषी विभागाने २००७ मध्ये निवडक खाद्यपदार्थांच्या ओरॅक मूल्यांची सूची प्रसिद्ध केली. २०१० च्या आवृत्तीत ३२६ पदार्थ होते. तीत दर १०० ग्रॅममागे लवंगेच्या पुडीचे मूल्य सुमारे २,९०,००० मायक्रोमोल, तर ब्लूबेरीचे सुमारे ४,७०० होते. मात्र लवंग कोरडी असते आणि चिमूटभरच वापरली जाते, तर रसाळ फळ वाटीभर खाल्ले जाते. हा फरक अशा क्रमवारीत दिसत नाही. खाद्यपदार्थ व पूरक आहार विकणाऱ्या कंपन्या या आकड्यांचा जाहिरातींसाठी गैरवापर करतात आणि परीक्षानळीतील क्षमतेवरून मानवी आरोग्यावरील परिणाम सांगता येत नाही, अशी कारणे देऊन विभागाने २०१२ मध्ये ही सूची संकेतस्थळावरून काढून टाकली.

आरोग्याशी संबंध

अनेक पॉलिफेनॉले आतड्यातून अल्प प्रमाणातच शोषली जातात आणि यकृतात त्यांचे रूपांतर होते. सफरचंद खाल्ल्यावर रक्तद्रवाच्या प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेत दिसणारी वाढ मुख्यतः फळातील फ्रुक्टोजमुळे वाढलेल्या युरिक आम्लाची असते, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. फळे-भाज्यांचा आहार हितकारक असला, तरी त्याचे श्रेय केवळ या क्षमतेला देता येत नाही.

उपयोग

एकाच पद्धतीने तपासलेल्या वाणांची तुलना, साठवण, वाळवणे व शिजवणे यांमुळे होणारी घट आणि तेल खवट होण्यापासून वाचविणाऱ्या अर्कांची निवड यांसाठी या चाचण्या उपयुक्त ठरतात. अशा वेळी किमान दोन भिन्न तत्त्वांवरील चाचण्या करणे आणि विद्रावक, अभिक्रियेचा कालावधी व आकडे ओल्या की कोरड्या वजनावर काढले, हे नमूद करणे आवश्यक मानले जाते.